विलंबन (पुरवठा साखळी)

विलंबन हे उत्पादन व पुरवठा साखळी यांच्या व्यवस्थापनातील एक धोरण आहे. वस्तूला अंतिम रूप देणारे आणि पुन्हा मागे न फिरवता येणारे काम शक्य तितके पुढे ढकलणे, व प्रत्यक्ष मागणी कळेपर्यंत माल कच्च्या, अर्धसिद्ध किंवा सामाईक अवस्थेत राखणे, हे त्याचे मूळ सूत्र होय. ‘पोस्टपोनमेंट’ या संज्ञेसाठी हा मराठी पर्याय येथे वापरला आहे. या धोरणातील विलंब हा नियोजनपूर्वक स्वीकारलेला असतो; कामातील दिरंगाईशी त्याचा संबंध नाही.

व्यवस्थापनशास्त्राच्या ग्रंथांत या धोरणाची उदाहरणे बहुधा विणलेले कपडे आणि संगणकीय छपाईयंत्रे यांच्या उद्योगांतून दिली जातात. मराठवाड्यातील लातूर, उदगीर, मुरुड या परिसरातील कडधान्यांचा व्यापार आणि डाळमिल यांच्या व्यवहारातही हेच तत्त्व दिसते. तेथे ही संज्ञा रूढ नाही. मात्र ‘माल अख्खा ठेवायचा की भरडायचा’ हा निर्णय त्याच स्वरूपाचा आहे.

संकल्पना

प्रत्येक वस्तू कच्च्या मालापासून ग्राहकापर्यंत जाताना अनेक टप्प्यांतून जाते. आरंभीच्या टप्प्यांत एकाच मालापासून अनेक वस्तू होऊ शकतात. एका विशिष्ट टप्प्यानंतर मात्र त्या मालाची वाट ठरून जाते. या टप्प्यास भेदबिंदू म्हणता येईल. अख्ख्या हरभऱ्याचे डाळ, बेसन, फुटाणे किंवा बियाणे यांपैकी काहीही होऊ शकते; भरडून डाळ केल्यावर त्यातून बेसन करता येते, परंतु फुटाणे वा बियाणे होत नाही; आणि दळून बेसन केल्यावर कोणताच पर्याय उरत नाही. प्रत्येक प्रक्रियेने मालाचे मूल्य वाढते, पण त्याच वेळी त्याचे पर्याय कमी होतात. विलंबनात भेदबिंदू मागणीच्या जितका जवळ नेता येईल तितका नेला जातो.

याच्या उलट धोरणास आगाऊ उत्पादन म्हणतात. त्यात मागणीचा अंदाज बांधून तयार माल आधीच करून ठेवला जातो. मोठ्या प्रमाणावर एकाच वेळी उत्पादन केल्यामुळे दर नगामागे खर्च कमी येतो आणि ग्राहकाला थांबावे लागत नाही. परंतु अंदाज चुकल्यास एका वस्तूचा साठा पडून राहतो व दुसरीचा तुटवडा होतो. व्यवहारात बहुतेक उद्योग या दोन्ही धोरणांचा मेळ घालतात. भेदबिंदूपर्यंतचे काम अंदाजावर आणि त्यापुढचे मागणीवर, अशी विभागणी केली जाते.

इतिहास

विपणनशास्त्राचे अमेरिकी अभ्यासक रो अल्डरसन यांनी १९५० मध्ये विलंबनाचे तत्त्व मांडले. वस्तूचे रूप व तिचे ठिकाण यांतील बदल शक्य तितके उशिरा केल्यास विपणनातील जोखीम कमी होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९६५ मध्ये लुई बकलिन यांनी त्यास आगाऊ उत्पादनाच्या तत्त्वाची जोड दिली. विलंबनाने जोखीम नाहीशी होत नाही, तर ती साखळीतील एका घटकाकडून दुसऱ्याकडे जाते, हा त्यांच्या विवेचनातील महत्त्वाचा भाग होय. १९८८ मध्ये वॉल्टर झिन व डोनाल्ड बावरसॉक्स यांनी विलंबनाचे पाच प्रकार सांगितले.

उद्योगक्षेत्रात इटलीतील बेनेटन या वस्त्र कंपनीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. लोकरी कपड्यांच्या निर्मितीत आधी सूत रंगवून मग ते विणण्याची पद्धत होती. बेनेटनने १९७० च्या दशकात काही कपडे न रंगवलेल्या सुतापासून विणून ठेवण्यास व हंगामात कोणत्या रंगाला मागणी आहे हे पाहून नंतर रंगवण्यास आरंभ केला.

दुसरे उदाहरण ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या डेस्कजेट छपाईयंत्रांचे आहे. निरनिराळ्या देशांत विजेचा दाब, प्लगचा आकार व माहितीपुस्तिकेची भाषा वेगळी असल्याने कारखान्यातच देशानुसार यंत्रे तयार केली, तर एका देशात साठा उरे आणि दुसऱ्या देशात तुटवडा पडे. कंपनीने सर्वांसाठी एकच यंत्र तयार करून वीजपुरवठ्याचा भाग, प्लग व पुस्तिका वितरण केंद्रात जोडण्याची व्यवस्था केली. एडवर्ड फाइट्झिंगर व हाऊ ली यांनी १९९७ मध्ये लिहिलेल्या लेखानुसार या बदलाने उत्पादनखर्च किंचित वाढला, तरी उत्पादन, वाहतूक व साठा यांचा एकूण खर्च सुमारे २५ टक्क्यांनी घटला.

प्रकार

झिन व बावरसॉक्स यांच्या वर्गीकरणानुसार विलंबनाचे पाच प्रकार पुढीलप्रमाणे आहेत:

१. लेबल-विलंबन : माल तयार असतो, त्यावर कोणत्या नाममुद्रेचे लेबल लावायचे हे नंतर ठरते.
२. वेष्टन-विलंबन : माल मोठ्या प्रमाणात सुटा ठेवून मागणीनुसार लहानमोठ्या पिशव्यांत भरला जातो.
३. जुळणी-विलंबन : सुटे भाग तयार असतात, त्यांची अंतिम जोडणी मागणी आल्यावर होते.
४. उत्पादन-विलंबन : कच्च्या मालावरील प्रत्यक्ष प्रक्रियाच मागणी कळेपर्यंत थांबवली जाते.
५. काल-विलंबन : तयार माल मध्यवर्ती गोदामात ठेवून मागणी आल्यावरच त्या त्या ठिकाणी पाठवला जातो.

पहिले चार प्रकार वस्तूच्या रूपाशी, तर पाचवा प्रकार वस्तू केव्हा व कोठे पाठवावी याच्याशी संबंधित आहे. एकाच उद्योगात एकाहून अधिक प्रकार एकत्र आढळू शकतात.

लाभाचे गणित

विलंबनाचा मुख्य लाभ अनेक वस्तूंच्या अनिश्चित मागणीची बेरीज करण्यातून होतो. एका वस्तूची मागणी अपेक्षेपेक्षा कमी झाली, तर दुसरीची वाढण्याची शक्यता असते. त्यामुळे एकत्रित मागणीतील चढउतार सुट्या मागण्यांतील चढउतारांच्या बेरजेपेक्षा कमी असतो.

हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एक व्यापारी अख्खा हरभरा, हरभरा डाळ, बेसन आणि फुटाणे असे चार जिन्नस विकतो. प्रत्येकाची मासिक सरासरी मागणी १०० क्विंटल असून तिचे प्रमाण विचलन २० क्विंटल आहे. तुटवडा टाळण्यासाठी तो प्रमाण विचलनाच्या दुप्पट, म्हणजे ४० क्विंटल, राखीव साठा ठेवतो. चारही जिन्नस तयार स्वरूपात ठेवल्यास एकूण राखीव साठा १६० क्विंटल होतो. तोच साठा अख्ख्या हरभऱ्याच्या रूपात एकत्र ठेवल्यास, आणि चारही मागण्या परस्परांपासून स्वतंत्र असल्यास, एकत्रित मागणीचे प्रमाण विचलन २० गुणिले ४ चे वर्गमूळ, म्हणजे ४० क्विंटल, येते व राखीव साठा ८० क्विंटल पुरतो. प्रक्रियेतील घट येथे सोप्या आकडेमोडीसाठी सोडून दिली आहे.

या गणितातील ‘स्वतंत्र’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दिवाळीच्या आधी हरभरा डाळ व बेसन या दोहोंची मागणी एकाच वेळी वाढते. मागण्या अशा बरोबरीने चढत-उतरत असतील, तर साठा एकत्र ठेवण्याचा लाभ कमी होतो.

महाराष्ट्रातील उदाहरणे

कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी येथे १९०४ मध्ये यंत्रमागाची सुरुवात झाली. तेथे विणल्या जाणाऱ्या कापडाचा मोठा भाग न रंगवलेल्या, न धुतलेल्या अवस्थेत विकला जातो. व्यापारात त्यास ग्रे कापड म्हणतात. विरंजन, रंगाई व छपाई या प्रक्रिया नंतर स्वतंत्र कारखान्यांत होतात. एकाच ग्रे कापडाचे सदरा, अस्तर किंवा छापील कापड होऊ शकत असल्याने विणकरास रंगांच्या आवडीनिवडींचा अंदाज बांधावा लागत नाही.

महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ, म्हणजेच एसटी, वाहन कंपन्यांकडून चासी विकत घेऊन त्यांवर दापोडी (पुणे), चिकलठाणा (छत्रपती संभाजीनगर) आणि हिंगणा (नागपूर) येथील मध्यवर्ती कार्यशाळांत बसची बांधणी करत आले आहे. मालमोटारींच्या बाबतीतही चासी कारखान्यातून येते आणि तिच्यावरील सांगाडा गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे नंतर बांधला जातो, ही पद्धत देशात दीर्घकाळ रूढ आहे.

रंगाच्या दुकानातील टिंटिंग मशीन हे विलंबनाचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण होय. दुकानदार शेकडो छटांचे डबे न ठेवता मोजके पांढरे व पारदर्शक बेस आणि काही रंगद्रव्ये ठेवतो. गिऱ्हाइकाने छटा निवडल्यावर यंत्र ठरलेल्या प्रमाणात रंगद्रव्य सोडते. येथे भेदबिंदू कारखान्यातून थेट दुकानाच्या गल्ल्यापाशी आला आहे.

लातूर परिसरातील डाळ उद्योग

लातूर हे तूर, हरभरा व सोयाबीन यांच्या व्यापाराचे राज्यातील प्रमुख केंद्र असून शहरात व जिल्ह्यात अनेक डाळमिल आहेत. लातूर-बार्शी मार्गावरील मुरुड ही लातूर तालुक्यातील बाजारपेठ याच पट्ट्यात येते. या भागात तूर जून-जुलैमध्ये पेरली जाते आणि साधारणपणे डिसेंबर-जानेवारीत काढली जाते. हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. आवक काही आठवड्यांत एकवटते, तर डाळीचा खप वर्षभर चालतो. त्यामुळे मधल्या काळात माल कोणत्या रूपात आणि कोणाच्या गोदामात राहावा, हा या उद्योगातील मूलभूत प्रश्न आहे.

तुरीची डाळ करण्याच्या कोरड्या पद्धतीत धान्याची स्वच्छता व चाळणी, एमरी रोलरवर टरफलास ओरखडे पाडणे, तेलाचा हात देणे, ढीग करून मुरवणे, उन्हात किंवा ड्रायरमध्ये वाळवणे, टरफल काढणे, फोडणे व प्रतवारी असे टप्पे असतात. टरफल निघालेल्या परंतु न फुटलेल्या दाण्याला गोटा म्हणतात. ‘फटका’ ही डाळीची वरची प्रत होय. भरडताना निघणारी चुनी व टरफल जनावरांच्या खाद्यात जाते. व्यापारी मिलमध्ये डाळीचा उतारा साधारणतः ७० ते ७५ टक्के असतो.

या प्रक्रियेत विलंबनाच्या दृष्टीने तीन थांबे संभवतात. पहिला थांबा अख्ख्या तुरीचा आहे. त्या अवस्थेत ती बियाणे म्हणून, दुसऱ्या मिलला कच्चा माल म्हणून किंवा शासकीय खरेदी केंद्रावर विकता येते. दुसरा थांबा गोट्याचा आणि तिसरा सुट्या डाळीचा, ज्यातून मागणीप्रमाणे मोठी पोती किंवा किलोच्या पिशव्या भरता येतात. तिसऱ्या थांब्यावरील निर्णय हा वेष्टन-विलंबनाचा, तर पहिल्या थांब्यावरील निर्णय हा उत्पादन-विलंबनाचा नमुना आहे.

विलंबन किती करता येईल हे प्रक्रियेला लागणाऱ्या वेळेवर अवलंबून असते. उन्हात वाळवण्याच्या पद्धतीत तूर येण्यापासून डाळ निघेपर्यंत काही दिवस जातात आणि पावसाळ्यात वाळवण खोळंबते. गिऱ्हाईक त्याहून कमी मुदतीत माल मागत असेल, तर मिलला डाळ आधीच करून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. यांत्रिक ड्रायरमुळे हा काळ कमी होतो व उन्हावरचे अवलंबन सुटते. विलंबनासाठी केवळ थांबण्याची तयारी पुरत नाही. शेवटचे काम त्वरेने उरकण्याची क्षमता हवी, हे यावरून दिसते.

घरगुती साठवण : एक विरुद्ध उदाहरण

मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबांत नवी तूर आल्यावर तिला तेलपाणी लावून, उन्ह देऊन, जात्यावर भरडून वर्षाची डाळ करून ठेवण्याची रीत होती. हे विलंबनाच्या नेमके उलट आहे आणि त्याला सबळ कारणे आहेत.

पहिले कारण किडीचे. कॅलोसोब्रुकस या प्रजातीतील भुंगेरे अख्ख्या कडधान्याच्या दाण्यावर अंडी घालतात व अळी दाणा आतून पोखरते. टरफल काढून फोडलेल्या डाळीस या किडीचा उपद्रव तुलनेने कमी होतो. दुसरे कारण मागणीचे. घरात वर्षभर किती डाळ लागेल आणि ती डाळीच्याच रूपात लागेल, हे गृहिणीस ठाऊक असते. जेथे अनिश्चितता नाही, तेथे पर्याय खुले ठेवण्याला मोल नसते. त्याच घरात बियाण्यापुरती तूर मात्र अख्खी राखली जाते, कारण ती भरडल्यास पेरता येत नाही.

मिलमालकाची स्थिती वेगळी असते. कोणती प्रत, कोणत्या शहरात, कोणत्या भावाने खपेल हे त्यास ठाऊक नसते. म्हणून तो अख्खी तूर राखतो आणि तिच्या रक्षणासाठी धुरीकरण, ओलाव्याची तपासणी व गोदामभाडे यांचा खर्च सोसतो. हा खर्च म्हणजे पर्याय खुले ठेवण्याची किंमत होय.

मर्यादा

वस्तूचा वेगळेपणा साखळीच्या आरंभीच ठरत असेल, तर विलंबनास वाव राहत नाही. निलंगा तालुक्यातील बोरसुरी येथील तूरडाळीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या डाळीची ओळख तिच्या गावाशी निगडित आहे. ती तूर शेतातून निघाल्यापासून वेगळी मोजली, साठवली व भरडली गेली नाही, तर तिची ओळख पुसली जाते. इतर तुरीत मिसळलेला माल पुढे कोणत्याही टप्प्यावर बोरसुरीचा ठरवता येत नाही. अशा मालाचा भेदबिंदू खळ्यावरच असतो.

दुसरी मर्यादा भावातील चढउताराची आहे. विलंबनामुळे ‘कोणती वस्तू खपेल’ या जोखमीपासून संरक्षण मिळते. ‘कच्च्या मालाचाच भाव पडेल’ या जोखमीपासून मिळत नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये तूरडाळीचा किरकोळ भाव अनेक शहरांत किलोस सुमारे २०० रुपयांपर्यंत गेला होता. पुढच्या २०१६-१७ च्या हंगामात विक्रमी पीक आले व बाजारभाव बोनससह ५,०५० रुपये प्रतिक्विंटल या आधारभूत किमतीच्या खाली गेले. महाराष्ट्रातील खरेदी केंद्रांपुढे रांगा लागल्या आणि बारदान्याच्या तुटवड्याने खरेदी अडली. चढ्या भावाच्या आशेने तूर राखून ठेवणाऱ्यांच्या हाती तूर अख्खी होती, पण भाव नव्हता.

तिसरी मर्यादा कायद्याची आहे. अत्यावश्यक वस्तूंच्या साठ्यावर शासन बंधने घालू शकते. २ जून २०२३ रोजी केंद्र शासनाने तूर व उडीद यांच्या साठ्यावर मर्यादा घातली. तीनुसार घाऊक व्यापाऱ्यास प्रत्येक कडधान्याचा २०० टन, किरकोळ विक्रेत्यास ५ टन, तर मिलला मागील तीन महिन्यांचे उत्पादन किंवा वार्षिक क्षमतेच्या २५ टक्के यांपैकी जे अधिक असेल तेवढा साठा ठेवण्याची मुभा होती. विलंबनासाठी राखलेला साठा आणि भाववाढीसाठी दडवलेला साठा गोदामात सारखेच दिसतात. पहिल्याचा हेतू योग्य वस्तू योग्य वेळी तयार करणे हा असतो, तर दुसऱ्याचा वस्तू बाजारात येऊ न देणे हा. हा भेद करणे प्रशासनास अवघड जाते, म्हणून मिलसाठीची मर्यादा तिच्या उत्पादनाशी जोडलेली असते.

प्रतीक्षेचा भार

विलंबनाच्या चर्चेत ‘थांबतो कोण’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. थांबण्यासाठी गोदाम, खेळते भांडवल आणि माल टिकवण्याची साधने लागतात. ज्याच्याकडे ती नाहीत, त्यास सुगीतच माल विकावा लागतो. अनेक अल्पभूधारक शेतकऱ्यांना पेरणीसाठी घेतलेली उसनवारी, मळणीची मजुरी व घरखर्च यांसाठी आवक सर्वाधिक आणि भाव बहुधा कमी असतानाच तूर बाजार समितीत न्यावी लागते. त्यामुळे विलंबनाचा लाभ साखळीतील साधनसंपन्न घटकाकडे जातो. बकलिन यांनी सांगितलेले जोखमीचे स्थलांतर येथे प्रत्यक्ष दिसते.

ही विषमता कमी करण्यासाठी महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ १९९०-९१ पासून बाजार समित्यांच्या साहाय्याने शेतमाल तारण कर्ज योजना राबवते. तूर, हरभरा, सोयाबीन इत्यादी माल समितीच्या गोदामात ठेवल्यास त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम १८० दिवसांच्या मुदतीसाठी सहा टक्के व्याजाने मिळते. गोदाम पावतीस कायदेशीर आधार देणारा वखार विकास व विनियमन कायदा २००७ मध्ये संमत झाला. या दोन्ही व्यवस्थांचा परिणाम असा की, माल न विकता रोख रक्कम मिळू शकते व विक्रीचा निर्णय पुढे ढकलता येतो. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी स्वतःची लहान डाळमिल उभारल्यास, तूर म्हणून विकावी की डाळ करून, हा निर्णयही उत्पादकाच्या हाती येऊ शकतो. तथापि भाव उतरल्यास तारणकर्जावरील व्याजही अंगावर येते. थांबण्याची सोय म्हणजे भाववाढीची हमी नव्हे.

अवलंबनाच्या अटी

विलंबन उपयुक्त ठरण्यासाठी पुढील परिस्थिती असावी लागते: एकाच कच्च्या किंवा अर्धसिद्ध मालापासून अनेक वस्तू होत असाव्यात, त्या वस्तूंची मागणी स्वतंत्रपणे बदलणारी व अंदाज बांधण्यास कठीण असावी, माल मधल्या अवस्थेत टिकणारा असावा, अंतिम काम गिऱ्हाईक थांबेल तेवढ्या वेळात होणारे असावे, आणि पर्याय खुले ठेवण्याचा खर्च चुकीचा माल तयार केल्याने होणाऱ्या नुकसानीपेक्षा कमी असावा. यांपैकी एखादी अट पूर्ण होत नसल्यास आगाऊ उत्पादन अधिक किफायतशीर ठरते.

हेही पहा

पुरवठा साखळी व्यवस्थापन
कृषी उत्पन्न बाजार समिती
किमान आधारभूत किंमत
तूर
लातूर जिल्हा